सुरगाठ की निरगाठ? : कृत्रिम रबरास अनावृत पत्र

छत्रपती संभाजीनगर

प्रिय रबरा,

सकाळी साडेसहाला नगर नाक्यावर उभं राहावं. वाळूजकडे जाणाऱ्या दुचाकींची रांग लागलेली असते. पहिल्या पाळीची माणसं. डब्याची पिशवी हँडलला, रुमाल तोंडाला. आपल्या गाडीत तू किती ठिकाणी बसला आहेस, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. पुढच्या शॉकअपमध्ये तेल अडवणारं सील तू. डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधली बोटाच्या पेराएवढी वाटी तू. टाकीखालची पेट्रोलची नळी तू, हेडलाइटच्या वायरभोवतीचं ग्रोमेट तू, पायाखालचं फुटरेस्ट तू आणि रस्त्याला टेकलेल्या टायरमध्येही तूच. इतकी वेगवेगळी कामं, आणि सगळ्यांना लोकांच्या तोंडी एकच नाव : रबर.

वीस वर्षांहून अधिक काळ मी तुझ्या सोबतीने काम करतो आहे. वाळूजच्या एका छोट्या मोल्डिंग युनिटमध्ये मी कंपाउंड बनवतो. म्हणजे तुझी रेसिपी लिहितो, मिलवर तुला मळून घेतो, प्रेसमध्ये पकवतो आणि प्रयोगशाळेत तुझी परीक्षा घेतो. हे पत्र तुलाच आहे. पण ते उघडं ठेवतो आहे, कारण ड्रॉइंग काढणाऱ्यांनी, खरेदी विभागात बसून भाव ठरवणाऱ्यांनी आणि प्रेसचा टायमर लावणाऱ्यांनीही ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. सांगायचं आहे ते एकच. तुझं नाव सगळे लिहितात. तुझी गाठ कोणी लिहीत नाही. आणि तू किती दिवस टिकणार, कशापुढे हार मानणार, हे बऱ्याच वेळा त्या गाठीवरच ठरतं.

कारखान्यात तू गठ्ठ्यांच्या रूपात येतोस. नायट्राइल असो, ईपीडीएम असो की एसबीआर, कच्चा असताना तुझा स्वभाव सारखाच. दाबलं की दबतोस, ओढलं की लांबतोस, आणि सोडल्यावर पुरता परत येत नाहीस. शेडमधल्या उकाड्यात ठेवलेला गठ्ठा आपल्याच वजनाने हळूहळू पसरत जातो. तुझे रेणू म्हणजे वाटीतल्या शिजलेल्या शेवया : लांबच लांब, एकमेकींत गुंतलेल्या, पण एकमेकींना बांधलेल्या नाहीत. एक धरून ओढली की निसटून हातात येते. आम्ही तुझ्यात कार्बन ब्लॅक घालतो, तेल घालतो, झिंक ऑक्साइड आणि स्टिअरिक आम्ल घालतो, आणि अगदी शेवटी, मिल थंड ठेवून, क्युअरिंगची द्रव्यं घालतो. मग साच्यात, दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान, काही मिनिटांत त्या शेवयांमध्ये जागोजागी गाठी पडतात. त्यानंतर तू पुन्हा वितळत नाहीस. पुस्तकात याला व्हल्कनीकरण म्हणतात, शॉपवर क्युअरिंग, आणि प्रेसवरचा माणूस नुसतं विचारतो, ‘पकला का?’

ही गाठ पहिल्यांदा पडली ती तुझ्या थोरल्या भावाच्या, झाडाच्या चिकापासून होणाऱ्या रबराच्या बाबतीत. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरच्या लक्षात आलं की गंधक मिसळलेलं रबर तापवलं तर ते पाघळत नाही, चामड्यासारखं घट्ट होतं. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक त्याच सुमाराला त्याच वाटेवर होता. त्याच्या मित्राने, विल्यम ब्रॉकडनने, रोमन अग्निदेव व्हल्कनवरून या क्रियेला नाव दिलं. गुडइयर १८६० मध्ये वारला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये भलत्याच माणसांनी काढली. आज ते नाव आमच्या वाळूजमधल्या एका कारखान्याच्या फाटकावर आहे. तिथून जाताना मला नेहमी वाटतं, या माणसाला आयुष्य वेचून एवढंच कळलं की गाठ पडते. ती गाठ नेमकी कसली, हे उलगडायला पुढे शंभर वर्षं जावी लागली.

गंधक एकटा फार सावकाश काम करतो. शंभर भाग रबरात आठ भाग गंधक घालून १४० अंशांना ठेवलं, तर पाच तास लागत. झिंक ऑक्साइड मिळालं तेव्हा ते तीन तासांवर आलं. १९०६ मध्ये जॉर्ज ओएनस्लागरने अ‍ॅनिलीन वापरून पाहिलं आणि प्रवेगकांचं युग सुरू झालं. आज अर्धा भाग प्रवेगकसुद्धा तेच काम मिनिटांवर आणतो. पण प्रवेगकाने नुसती घाई केली नाही. गंधक आणि प्रवेगक यांचं प्रमाण बदललं की गाठीची जातच बदलते. माझ्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

आपल्या भाषेत गाठींना नावं आहेत. टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. ओढावी तितकी आवळत जाते ती निरगाठ. बैल दावणीला बांधताना कोणती मारायची आणि पोत्याचं तोंड शिवताना कोणती, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तुझ्याही गाठी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

शंभर भाग रबराला दोन ते साडेतीन भाग गंधक आणि जेमतेम एक भाग प्रवेगक, ही जुनी, रूढ पद्धत. यात दोन साखळ्यांमधली गाठ म्हणजे गंधकाच्या चार, पाच, सहा अणूंची मालिका असते. गंधक-गंधक बंध नाजूक. तो तोडायला मोलमागे २७० किलोज्यूलहून कमी ऊर्जा पुरते. ही तुझी सुरगाठ. तू ताणला गेलास की ज्या गाठीवर जास्त भार येतो ती सुटते, शेजारच्या गाठी तो भार वाटून घेतात, आणि सुटलेली गाठ दुसरीकडे पुन्हा बसते. म्हणून अशा रबराला चीर पडली तरी ती धावत नाही. लाखो वेळा वाकवलं तरी ते दमत नाही. वाहनांच्या बुशा, इंजिनाचे माउंट, टायरची कूस, जिथे सतत लवायचं आहे तिथे सुरगाठीसारखी गाठ नाही.

पण तीच सुरगाठ गरम जागी घात करते. शंभर अंशांच्या पुढे ती नुसत्या उष्णतेनेच सुटू लागते. सुटते आणि बसते, पण जिथे तुला दाबून ठेवलं आहे त्या नव्या आकारात बसते. मग दाब काढला तरी तू परत येत नाहीस. तुला तोच आकार आपला वाटू लागतो. झाडाचं रबर जास्त वेळ शिजलं तर मऊ पडतं. एसबीआर आणि नायट्राइल उलट कडक होत जातात, कारण लांब गाठी तुटून आखूड आखूड गाठींची संख्या वाढते.

याला उतारा म्हणून गंधक अर्ध्या भागावर आणायचा आणि प्रवेगक तीन-चार भागांपर्यंत वाढवायचा. आता गाठ एका किंवा दोनच अणूंची पडते. ती उष्णतेला टिकते, दाबाखाली आकार सोडत नाही. फक्त वाकवत राहिलं की लवकर दमते. गरम तेलात राहणाऱ्या नायट्राइलच्या सीलना ही पद्धत मानवते. या दोहोंच्या मध्ये तिसरी आहे, दीडेक भाग गंधकाची, आणि थोडं हे थोडं ते मागणारे कितीतरी सुटे भाग तिच्यावर चालतात. रबर तेच, कार्बन ब्लॅक तेच, कडकपणाही तोच. फक्त दोन पुड्यांचं प्रमाण उलटसुलट केलं, आणि वस्तूचा स्वभाव पालटला.

हे मला पुस्तकातून कळलं असं सांगितलं तर ते खरं होणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकासाठी आम्ही ईपीडीएमची गॅस्केट बनवली. गरम पाण्याच्या जोडात बसायची होती. ड्रॉइंगवर लिहिलं होतं : ईपीडीएम, कडकपणा ६० शोर ए. मी गंधकावर कंपाउंड बांधलं. स्वस्त पडलं, साच्यातून माल अलगद सुटला, ताणशक्ती छान आली, कडकपणा नेमका ६०. माल पास झाला. चार महिन्यांनी एक खोकं परत आलं. त्यातली एकही गॅस्केट फाटलेली नव्हती, एकीलाही तडा नव्हता. सगळ्या चपट्या झाल्या होत्या. ज्या खोबणीत बसवल्या होत्या तिचा आकार घेऊन त्या गप्प बसल्या होत्या, आणि जोडातून पाणी झिरपत होतं. ड्रॉइंगमधली प्रत्येक अट आम्ही पाळली होती, आणि तरीही चूक माझी होती. तुला शंभर अंशांच्या आसपास महिनोन्‌महिने दाबून ठेवणार आहेत, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा मी ती चाचणी पहिल्यांदा मन लावून केली, जिला आम्ही कॉम्प्रेशन सेट म्हणतो. साडेबारा मिलिमीटर जाडीच्या दोन गोट्या घेतल्या. ईपीडीएम एकच, एक गंधकावर पकवलेली, दुसरी पेरॉक्साइडवर. दोन जाड पट्ट्यांमध्ये त्या ९.४ मिलिमीटरपर्यंत दाबून बोल्ट आवळले आणि शिकंजा ओव्हनमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला, गोट्या सोडवल्या, लाकडावर अर्धा तास निवू दिल्या आणि मोजल्या. पहिली ११ मिलिमीटरवर थांबली होती, दुसरी १२ वर आली होती. जेवढं दाबलं होतं त्यातलं जवळजवळ निम्मं पहिलीने कायमचं गमावलं होतं. दुसरीने सहावा हिस्साच. समोर ठेवलेल्या त्या दोन काळ्या गोट्या दिसायला हुबेहूब सारख्या होत्या. नखाने दाबल्या तरी सारख्या. फरक होता तो आत, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या गाठीत.

पेरॉक्साइडची गाठ म्हणजे तुझी निरगाठ. १९१५ मध्ये ओस्ट्रोमिस्लेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की गंधकाशिवायही रबर बांधता येतं. पेरॉक्साइड तापलं की फुटतं, तुझ्या साखळीवरचा एक हायड्रोजन ओढून नेतं, आणि अशा दोन उघड्या पडलेल्या जागा एकमेकींना थेट घट्ट धरतात. मध्ये गंधक नाही, कोणीच नाही, कार्बनला कार्बन. हा बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. म्हणून ती गाठ उष्णतेने सुटत नाही. शिवाय तुझ्या साखळीत गंधकाला धरायला दुहेरी बंध नसले तरी तिचं अडत नाही.

मात्र निरगाठ भार वाटून घेत नाही. जी गाठ ताणली गेली ती तुटेपर्यंत तशीच राहते आणि तुटली की भार झटकन शेजारणीवर जातो. म्हणून पेरॉक्साइडवरचा माल गरम साच्यातून काढताना ओठाशी टरकन फाटतो. काठ आत वळलेला असेल, तर प्रेसवरच्या मुलाचा जीव मेटाकुटीला येतो. रिजेक्शनची पेटी भरते, आणि मग वरून विचारणा होते की गंधकावरच का करत नाही. दुसरी अडचण हवेची. प्राणवायू त्या उघड्या जागा आधीच पकडतो, आणि पृष्ठभाग चिकट राहतो. मोटारीच्या दाराच्या लांबच लांब पट्ट्या गरम हवेच्या बोगद्यातून आणि मायक्रोवेव्हमधून पकवत नेतात. म्हणूनच त्यांना गंधक लागतो. साच्यात हवा नसते, वाफेच्या बंद भट्टीतली हवा काढून टाकता येते, वितळलेल्या मिठाच्या कुंडातही हवा नसते; तिथे पेरॉक्साइड चालतं. त्यातच अ‍ॅरोमॅटिक तेल किंवा अम्लधर्मी माती मिसळली, तर ती पेरॉक्साइड मध्येच खाऊन टाकतात आणि गाठी कमी पडतात. निरगाठीचे हे सगळे हट्ट सांभाळावे लागतात. किंमतही जास्त मोजावी लागते.

तुझ्या घराण्यात गंधक किंवा पेरॉक्साइड ज्यांना नकोच, असेही आहेत. क्लोरोप्रीनला झिंक ऑक्साइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड बांधतात. पाच भाग आणि चार भाग, हे प्रमाण धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असतं. फ्लुओरोरबर बिस्फेनॉलवर बांधतात आणि प्रेसमधून निघाल्यावर दोनशे अंशांच्या वर सोळा ते चोवीस तास भट्टीत पुन्हा ठेवतात. औषधांच्या आणि बाळाच्या बाटलीच्या सिलिकोनला प्लॅटिनमचा अंश लावून बांधलं की मागे वास राहत नाही. आणि ब्युटिलची गोष्ट तर मला फार आवडते. पेरॉक्साइड घातलं तर ब्युटिलच्या साखळ्या जोडल्या जाण्याऐवजी तुटतात. गंधकावर तो बांधला जातो, पण सततच्या उष्णतेत पुन्हा ढिला होतो. टायरच्या प्रेसमध्ये कच्च्या टायरला आतून फुगवून साच्यावर दाबणारा जो फुगा असतो, तो ब्युटिलचा. त्याला तापलेली वाफ किंवा पाणी शेकडो वेळा पोटात घ्यावं लागतं. म्हणून त्याला फिनॉलच्या राळेने बांधतात. शेकडो टायरना गंधकाची गाठ मारून देणारा तो फुगा स्वतः मात्र राळेच्या गाठीवर उभा असतो.

गाठीची जात एक, गाठींची संख्या दुसरी. गाठी वाढत गेल्या की कडकपणा वाढतच जातो आणि तू तेलात कमी फुगतोस. पण फाटण्याला होणारा विरोध एका टोकापर्यंत वाढतो आणि मग उतरू लागतो, ताणशक्तीचंही तसंच. म्हणजे पुष्कळ गाठी म्हणजे पुष्कळ चांगलं रबर असं नाही. गाठी नेमक्या किती हव्यात ते रिओमीटर सांगतो. चिमूटभर कंपाउंड तापलेल्या दोन तबकड्यांमध्ये सतत हलवत ठेवायचं आणि ते किती विरोध करतं याची रेषा बघायची. आधी ती खाली येते, कारण तू मऊ पडतोस. मग एक क्षण तिथेच थांबते. मग चढू लागते. नव्वद टक्के चढली की तो वेळ आम्ही टिपून घेतो. ती रेषा मी हजारो वेळा पाहिली असेल. तरी ती चढताना पाहताना अजूनही जीव गुंततो.

आणि इथेच आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक होते. रिओमीटरमधला तुकडा पातळ असतो, खरी वस्तू जाड असते. तू उष्णता फार हळू नेतोस. बारा मिलिमीटरच्या माउंटच्या पोटापर्यंत साच्याची ऊब पोचायला कितीतरी मिनिटं लागतात. पण पीस वरून चकाचक दिसतो, आणि सहा मिनिटांची पाच केली तर पाळीला एवढे पीस जास्त निघतात, हा हिशेब मोहात पाडतो. मग पोट कच्चं राहतं. साचा उघडल्यावर कधी आत बुडबुडे दिसतात, आणि कधी काहीच दिसत नाही. ते जास्त वाईट. पेरॉक्साइडवर तर ही लबाडी मुळीच चालत नाही. नेहमीचं डायक्युमिल पेरॉक्साइड सुमारे १७५ अंशांना साधारण दर मिनिटाला निम्मं फुटतं. एका मिनिटात पन्नास टक्के, दोन मिनिटांत पंचाहत्तर, तीन मिनिटांत साडेसत्त्याऐंशी. सातव्या मिनिटाला कुठे नव्याण्णव गाठतं. तिसऱ्या मिनिटाला साचा उघडणारा माणूस आठवा हिस्सा गाठी न मारताच माल डब्यात भरतो.

मे महिन्यात तर इथली हवाही तुझ्या वाटेला जाते. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कसा जाळ असतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. क्युअरिंगचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. म्हणून गंधकाचं कंपाउंड मेमध्ये दोन-चार दिवस पडून राहिलं, तरी ते गाठी मारायला हळूच सुरुवात करतं. मिलवर टाकलं की दाणे दिसतात, साच्यात वाहत नाही. जानेवारीत पंधरा दिवस टिकणारी बॅच मेमध्ये आठवडाही काढत नाही. म्हणून आमच्याकडे कंपाउंडची खोली स्वयंपाकघरातल्या दुधासारखी जपतात. सकाळी वापरायचं ते आदल्या रात्री बाहेर काढत नाहीत.

तुझ्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसांविषयीही बोलायला हवं. गाठ मारताना तू जे वायू सोडतोस ते प्रेसवरचा मुलगा श्वासात घेतो. टीएमटीडीसारख्या काही प्रवेगकांपासून नायट्रोसमाइनं तयार होतात, आणि त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरू शकतात. क्लोरोप्रीनला झटपट बांधणारं इथिलीन थायोयुरिया गर्भाला घातक मानलं जातं. दोन्हींना पर्याय आहेत; थोडे महाग, थोडे सावकाश. प्रत्येक प्रेसवर धूर ओढणारं हूड लावणं शक्य आहे. कोणती गाठ मारायची हे ठरवताना, ती मारणाऱ्याच्या छातीत काय जाईल हाही हिशेब मांडायलाच हवा. आम्ही तो उशिरा मांडला, याची खंत मला आहे.

हे सगळं आजच का लिहितो आहे? कारण या शहरात आता नवी ड्रॉइंग निघत आहेत. नोव्हेंबर १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो शेड उभ्या राहिल्या. बजाजनगर, रांजणगाव, वाळूजजवळचं पंढरपूर इथली घरं त्यावर उभी राहिली. त्या काळची ड्रॉइंग आम्ही चाळीस वर्षं पुढे रेटत आलो. आता बिडकीनला विजेच्या गाड्यांचे कारखाने येऊ घातले आहेत. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या, त्यांचे जोड, वर्षानुवर्षं न उघडणारी सील, हे सगळं ईपीडीएमचं असेल आणि दाबाखाली असेल. तिथे निरगाठच लागेल. त्या ड्रॉइंगवर पुन्हा नुसतं ‘ईपीडीएम, ६० शोर ए’ लिहिलं, तर ते खोकं पुन्हा परत येईल.

दुसरीकडे, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. त्यातलं किती तरी आपल्या उसातून येतं. नायट्राइलला नुसतं पेट्रोल जेवढं फुगवतं, त्याहून हे मिश्रण जास्त फुगवतं. गंमत अशी, की तुझा आणि त्या अल्कोहोलचा संबंध फार जुना. १९६३ मध्ये बरेलीला देशातला कृत्रिम रबराचा पहिला कारखाना सुरू झाला तेव्हा साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून ब्युटाडाइन बनवून तुला घडवलं गेलं. ज्याच्यापासून तू जन्मलास, त्याच्यातच आता तुला टिकून दाखवायचं आहे. त्यासाठी रबराची जात बदलावी लागेल, नायट्राइलमधलं अ‍ॅक्रिलोनायट्राइल वाढवावं लागेल आणि गाठींची संख्या जपून मोजावी लागेल. कडकपणाचा एक आकडा यातलं काहीच सांगणार नाही.

म्हणून ड्रॉइंग काढणाऱ्यांना माझं मागणं साधं आहे. कडकपणाच्या खाली चार ओळी वाढवा. वस्तू किती तापमानात राहणार, कशात बुडणार, दाबाखाली राहणार की वाकत राहणार, आणि कॉम्प्रेशन सेट किती टक्क्यांच्या आत हवा. या चाचण्यांचे नियम आपल्याकडे आयएस ३४०० मध्ये लिहून ठेवलेले आहेत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या रबर संशोधन संस्थेत त्या करून मिळतात. चिकलठाण्याच्या सिपेट या प्लास्टिक-तंत्रज्ञान संस्थेतून दर वर्षी शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना पॉलिमर कळतो; त्यांना ड्रॉइंगमध्ये ही चार वाक्यं लिहायला लावा. आणि खरेदी विभागातल्या मंडळींना एवढंच, की पेरॉक्साइडचा भाव गंधकाच्या भावाशी ताडून पाहू नका. त्या दोन वस्तूच वेगळ्या आहेत, जरी हातात घेतल्यावर सारख्या वाटल्या तरी.

ड्रॉइंगवर गाठीचा रकाना यायला वेळ लागेल, हे मला कळतं. तोवर आमच्या युनिटमध्ये मी तो स्वतः भरतो. प्रत्येक बॅचच्या कार्डावर, कंपाउंडच्या क्रमांकाखाली, पेनाने ‘सुर’ किंवा ‘निर’ लिहितो. शेजारी तापमान आणि मिनिटं. सुरुवातीला पोरं हसली. मग मी शिकंज्यातून काढलेल्या दोन गोट्या त्यांच्या हातात दिल्या आणि व्हर्निअर दिला. त्या त्यांनी स्वतःच मोजून पाहिल्या.

परवा रात्रपाळीला गंगापूरकडचा एक नवा मुलगा प्रेसवर होता. मी मिलकडे होतो. साचा लावण्याआधी त्याने हातातला लगदा उंच धरला आणि मशिनच्या आवाजात ओरडून विचारलं, ‘सर, ही सुर आहे का निर? म्हणजे टायमर लावतो.’

रबरा, वीस वर्षांत तुझ्याविषयी मला कोणी विचारलेला हा सगळ्यात योग्य प्रश्न आहे.

तुझा,
वाळूजमधला एक कंपाउंडर